बाळ साडेचार महिन्यांचं, अंगावर पितंय, तरी पाळी आली. चार दिवस पाजू नको म्हणतात. खरं का?

रेवाची_आई
नमस्कार मैत्रिणींनो. मी जुळे सोलापूरला राहते. पहिलंच बाळंतपण, सिझर झालं. रेवा जानेवारीतली, गड्ड्याची यात्रा भरलेली होती तेव्हा. पहिले दोन महिने माहेरी पंढरपूरला होते, मग इकडे आले.

सोमवारी पहाटे उठले तर परकराला डाग. आधी घाबरलेच, आतून टाक्यांचं काही झालं की काय. बाळंतपणानंतर जे अंगावरून जातं ते माझं पाचव्या आठवड्यातच थांबलं होतं. आधी लाल, मग तपकिरी, मग नुसतं पांढुरकं, आणि बंद. त्यानंतर तीन महिने काहीच नाही. दुपारपर्यंत कंबर दुखायला लागली, पोटात कळा आल्या, तेव्हा ओळखीचं वाटलं. पाळीच होती.

आई म्हणायची, मूल अंगावर पितंय तोवर वर्षभर बघायला नको. रेवाला तर मी पाण्याचा थेंबसुद्धा देत नाही, फक्त अंगावरचं. मग एवढ्या लवकर का आली?

आणि दुसरं. शेजारच्या काकू बाळाला बघायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाळीचं दूध बाधतं गं, बाळाला हिरवी शी होते. चार दिवस वरचं दे." सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी गाईचं दूध तापवून, निम्मं पाणी घालून, वाटी-चमचा शेजारी ठेवला. ते पातेलं ओट्यावर होतं, रेवा रडत होती आणि माझा ब्लाउज भिजून ओला झाला होता. मी आत जाऊन दार लावलं आणि तिला पाजलं. पण पाजताना छातीत धडधडत होतं, आपण लेकराला काही वाईट तर देत नाही ना.

कुणाला अनुभव असेल तर सांगा. दवाखान्यात शुक्रवारी जायचंय.

शेंगापोळी
दूध बंद करू नकोस. अजिबात नको. कुकर लावलाय, रात्री सविस्तर लिहिते. पण तोवर पाजत राहा.

विमल_काकू
रेवाच्या आई, मला तीन मुलं. तिघांच्या वेळी मला दीड-दीड वर्ष कावळा शिवला नाही. आमच्याकडे म्हणायचे, दूध आटलं की महिना येतो. तुझी आई म्हणते ते चूक नाही, पण तेव्हाची आमची रीत वेगळी होती. मूल रात्रभर कुशीत, पदराखाली. चार-पाच वेळा प्यायचं, आम्ही निम्म्या झोपेतच पाजायचो.

पाळीचं दूध बाधतं हे मीही ऐकलंय. माझ्या जावेला धाकट्याच्या वेळी तिसऱ्या महिन्यात पाळी आली. तिच्याकडून चार दिवस मूल काढून घेतलं होतं. पाचव्या दिवशी तिला तापाने फणफणलेलं पाहिलंय मी, छाती दगडासारखी. तेव्हा कुणाला कळलं नाही कशाने झालं. आज कळतं.

सिस्टर_होटगीरोड
मी प्रसूती विभागात एकवीस वर्षं काम करते. जरा मोठं लिहिते.

रेवाच्या आई, तुम्ही पाजलंत ते योग्य केलंत. दूध तयार होतं स्तनातल्या ग्रंथींत. पाळीचं रक्त येतं गर्भाशयाच्या आतल्या अस्तरातून. एकाचा दुसऱ्याशी रस्ता जोडलेला नाही. पाळीच्या दिवसांत दूध नासत नाही, उष्ण पडत नाही. पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस दूध थोडं कमी उतरतं, चव किंचित बदलते, म्हणून काही बाळं ओढताना चिडतात. तेवढंच. जास्त वेळा छातीला लावलं की दूध पूर्ववत येतं.

ते पातेलं मात्र काढून टाका. सहा महिन्यांच्या आत गाईचं दूध नको, आणि पाणी घातलेलं तर नकोच. शी बिघडायची ती त्याने बिघडेल.

आता मला तीन गोष्टी सांगा. दिवसाला किती पॅड भरतात? गाठी पडतात का, पडत असतील तर केवढ्या? आणि रेवा रात्री सलग किती वेळ झोपते?

रेवाची_आई
सिस्टर, तुमचं वाचून पहिल्यांदा नीट श्वास घेतला.
काल पाच पॅड लागले. गाठी आहेत, बोराएवढ्या. ताप नाही, वास नाही.
रात्री रेवा छान झोपते. गेला महिनाभर साडेनऊ-दहाला झोपली की सकाळी सहालाच उठते. सगळे म्हणतात गुणी बाळ आहे. कूलरचा वारा लागला की हलत नाही.

सिस्टर_होटगीरोड
हेच विचारायचं होतं.

बाळ छातीला ओढतं तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक सुटतं, त्याने दूध बनतं. त्याच ओढण्याने मेंदूकडून बीजकोशाला जाणारा हुकूम थंडावतो. बीज पिकत नाही, पाळी येत नाही. म्हणजे किती दूध आहे यापेक्षा बाळ किती वेळा आणि किती अंतराने ओढतं यावर सगळं आहे. रात्रीच्या पाजण्याचा जोर जास्त असतो. विमल काकूंची मुलं रात्रभर प्यायची, त्यांना दीड वर्ष पाळी नाही. तुमची रेवा आठ तास झोपते, तुमच्या शरीराने तेवढ्यात कामाला सुरुवात केली. यात तुमची चूक काही नाही आणि तिचीही नाही.

पहिल्या एक-दोन पाळ्या जास्त जातात, गाठी पडतात, पुढची पाळी कधी वीस दिवसांत तर कधी पंचेचाळीस दिवसांत येते. चार-सहा महिने असं चालतं. पण तासाला एक पॅड भरून वाहू लागलं, लिंबाएवढ्या गाठी पडल्या, चक्कर आली, ताप किंवा घाण वास आला, तर शुक्रवारची वाट बघू नका. त्याच घडीला जा.

विमल_काकू
मग रात्री उठवून पाजायचं का तिने? आमच्याकडे झोपेत पण लावायचे.

सिस्टर_होटगीरोड
वजन वाढत असेल तर उठवायची गरज नाही, काकू. आलेली पाळी परत घालवून काय करायचंय? तिलाही झोप हवीच की.

शेंगापोळी
आले. माझी गोष्ट अगदी उलटी. माझा मुलगा चौदा महिन्यांचा होईपर्यंत पाळी नव्हती. आणि मला त्याचीच भीती घातली होती. "एवढे दिवस तुंबून राहिलंय, अंगात घाण साठते," असं नणंद म्हणायची. शेवटी एका औषधांच्या दुकानातून पाळी आणायची गोळी आणून दिली. मी घेतली नाही, दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी आधी लघवीची तपासणी केली, दिवस गेलेत का ते पाहिलं. नाही म्हटल्यावर सांगितलं, काहीही साठत नाही, अस्तर तयारच झालेलं नाही तर बाहेर काय येणार? मुलगा दिवसातून तीनदाच प्यायला लागला आणि पुढच्याच महिन्यात आली.

म्हणजे तुला साडेचार महिन्यांत आली, मला चौदा महिन्यांत. दोघी बरोबर.

पद्मा_अशोकचौक
हे सगळं वाचून मला माझी मावशी आठवूलाली. आमच्या पूर्व भागात घरोघरी विड्या. मावशीचं रोजचं हजार विड्यांचं काम. पहाटे पानं भिजवायची, कात्रीने पान कापायचं, मांडीवर सूप, आणि दोरीला झोळीत लेकरू. तंबाखूचा हात म्हणून ती दरवेळी हात धुऊन, पदर बदलूनच पाजायची. ते तिचं फार कडक होतं. पण माल द्यायला कारखान्यात जायची ती दोन-तीन तास अडकायची. तेवढ्या वेळात आजी पोराला पातळ पेज द्यायची.

पोरगं नऊ महिन्यांचं झालं. पाळी आलीच नव्हती. मावशी निवांत, अंगावर पितंय म्हणजे भ्यायचं कारण नाही. पोट दिसूलालं तेव्हा वाटलं वात आहे. सिव्हिलला नेलं तर पाचवा महिना! बाळंतपणानंतर एकदाही पाळी न येता दिवस गेलते तिला. घरात कुणालाच पटेना. आजी म्हणाली, महिना न येता पोर कसं राहील? मावशीवर नाही नाही ते बोललं गेलं, तेही तिने ऐकून घेतलं.

रक्त कमी होतं तिचं. दुसरं बाळ आठव्या महिन्यातच झालं, दीड किलोचं. जगलं, आता कॉलेजात आहे. पण मावशीची ताकद जी गेली ती गेलीच.

म्हणून रेवाच्या आईला माझं सांगणं, तुला पाळी आली तर निदान कळलं तरी. मावशीला तेपण कळलं नव्हतं.

रेवाची_आई
पद्मा, अंगावर काटा आला. पाळी न येता दिवस जातात?

सिस्टर_होटगीरोड
जातात. बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी येते. म्हणजे पाळी दिसते तेव्हा बीज सुटून गेलेलं असतं. त्या पहिल्याच बीजाला दिवस राहिले तर पाळी दिसणारच नाही, सरळ पोटच दिसेल. पद्माच्या मावशीचं हेच झालं. तिच्यावर शंका घेणाऱ्यांना हे कुणी समजावून सांगायला हवं होतं.

पहिली पाळी बीज न सुटताही येऊ शकते, विशेषतः सहा महिन्यांच्या आत पूर्ण पाजणाऱ्या आईला. पण आपलं कुठलं हे ओळखता येत नाही. तेव्हा पाळी दिसली की दिवस जाऊ शकतात असंच धरून चालायचं.

निसर्गवाट
मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय. स्तनपान हीच निसर्गाने दिलेली पाळणा लांबवायची सोय आहे. आपल्या आज्या-पणज्या गोळ्या कुठे घेत होत्या? लगेच कॉपर-टी, इंजेक्शन यांच्याकडे बायकांना ढकलू नये. शरीरावर विश्वास ठेवावा.

सिस्टर_होटगीरोड
निसर्गवाट, तुमचं अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं मी रोज बायकांना सांगते. १९८८ मध्ये इटलीतल्या बेलाजिओ इथे जगभरचे तज्ज्ञ याच प्रश्नावर बसले होते. त्यांनी मान्य केलं की स्तनपानावर पाळणा लांबतो, १०० पैकी ९८ जणींना दिवस जात नाहीत. पण तीन अटींवर. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं. पाळी एकदाही आलेली नको. आणि बाळ पूर्ण अंगावर हवं, दिवसा चार आणि रात्री सहा तासांहून जास्त अंतर न पडता. तिन्हीतली एक अट जरी मोडली तरी ती सोय संपली. पद्माच्या मावशीची तिसरी मोडली होती, रेवाच्या आईच्या दुसरी आणि तिसरी मोडल्यात.

आज्यांचं म्हणाल तर त्यांना आठ-आठ, दहा-दहा बाळंतपणं झाली आणि त्यातली किती लेकरं जगली, हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा.

निसर्गवाट
अटी मला ठाऊक नव्हत्या. माझी मुलगी सात महिन्यांची आहे, खिमटी सुरू केली आहे, पाळी नाही. म्हणजे माझ्याही दोन अटी मोडल्या. विचार करावा लागेल. धन्यवाद.

बाबा_अक्कलकोटरोड
पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? आमचं बाळ बत्तिसाव्या आठवड्यात झालं, तीन आठवडे काचेच्या पेटीत होतं. बायकोचं दूध नीट सुरूच झालं नाही, डब्याचं दूध चालू करावं लागलं. तिला सातव्या आठवड्यात पाळी आली. माझ्या आईने तोंडावर म्हटलं, "बाळंतपणाचं अंग अजून ओलं आहे आणि लगेच पाळी? काहीतरी पथ्य मोडलं असणार." बायको बाथरूममध्ये जाऊन रडली. मला तेव्हा काय बोलावं सुचलं नाही, त्याचं आजही वाईट वाटतं.

नंतर दवाखान्यात विचारलं. मूल अंगावर पीत नसेल तर सहा ते आठ आठवड्यांत पाळी येणं अगदी नेहमीचं आहे, असं सांगितलं. घरी येऊन आईला समोर बसवून सगळं सांगितलं. आईला पटलं की नाही ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी तिनेच शेकायला गरम पाण्याची पिशवी भरून दिली.

नवरे वाचत असतील तर एकच. निम्म्या गोष्टी आपल्यालाच घरात सांगाव्या लागतात, त्यांना सांगायला लावू नका.

शेंगापोळी
दादा, फार बरं वाटलं वाचून.

कडकभाकरी
थोडं विषयांतर. पहिल्या पाळीला रक्त जास्त जातं म्हणून मी कापडी पॅड घेतले, मऊ असतात. पण आमच्याकडे नळाला पाणी येतं चार दिवसांनी. बाळाच्या लंगोट्या, दुपटी, त्यात हे पॅड. गार पाण्यात भिजवायचे, ते पाणी टाकायचं, परत धुवायचे. तिसऱ्या दिवशी पिंप तळाला. आणि वाळत घालायला जागा कुठे? सासरे गच्चीवर बसतात म्हणून मी साडीखाली झाकून घालायची. सावलीत ओलसर राहिले, खाज सुटली. आता जे होईल ते होवो म्हणून सरळ उन्हात दोरीवर घालते. आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन, अर्ध्या तासात कडक!

विमल_काकू
बरं करतेस. ऊन लागलंच पाहिजे. आम्हाला न्हाणीघराच्या मागे अंधारात घालावं लागे, आणि किती जणींना त्याचा त्रास झाला.

रेवाच्या आई, आणि अळिवाची खीर, डिंकाचे लाडू चालू ठेव.

कडकभाकरी
काकू, अळीव उष्ण, त्यानेच पाळी लवकर आली असेल असं आमच्याकडे म्हणतात.

सिस्टर_होटगीरोड
अळिवाने पाळी येत नाही. त्यात लोह भरपूर असतं, खावेत. पण नुसत्या अळिवावर भागत नाही. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाची गोळी रोज घ्यायची असते, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. बहुतेक जणी दोन महिन्यांनी सोडतात. गोळी लिंबू-पाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या.

अनामिका_नवीपेठ
मी इथे कधी लिहीत नाही, आज लिहिते. पाळी उशिरा आली तर काळजी नको, असं वर आलंय. ते बाळ अंगावर पीत असेल तर. माझ्या वेळी बाळंतपणात रक्तस्राव फार झाला, चार पिशव्या रक्त चढवलं. त्यानंतर दूध आलंच नाही, छाती कधी जड झालीच नाही. मुलगी डब्यावर वाढली. पाळीही आली नाही. सहा महिने, वर्ष, दोन वर्षं. मला मे महिन्यातसुद्धा थंडी वाजायची, उठून भाकरी थापायचं त्राण नसायचं, काखेतले केस गेले. सगळे म्हणायचे बाळंतपणात अंग उतरलंय, आळस करू नको. दोन दवाखान्यांत टॉनिक दिलं.

तिसऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बाळंतपणानंतर दूध आलं होतं का?" तिथेच त्यांना कळलं. जास्त रक्त गेल्यामुळे पियुषिका ग्रंथीलाच रक्त पुरलं नव्हतं. शीहान सिंड्रोम म्हणतात त्याला. रोजच्या गोळ्या सुरू झाल्या, तीन आठवड्यांत मी स्वतःच्या पायाने सिद्धेश्वर तलावाला फेरी मारून आले. गोळ्या जन्मभर आहेत, आणि मला त्याचं काही वाटत नाही. गेलेली दोन वर्षं मात्र परत येत नाहीत. मुलगी चालायला लागली तेव्हा मी अंथरुणात होते.

म्हणून, बाळ अंगावर पीत नाही आणि तीन महिन्यांत पाळी नाही, तर तपासा. फार रक्त गेलं होतं आणि दूध आलं नाही, तर तेवढीही वाट बघू नका.

पद्मा_अशोकचौक
अनामिका ताई, तुम्ही लिहिलं हे लई चांगलं केलं.

सिस्टर_होटगीरोड
अनामिका, हे मी आमच्या वॉर्डातल्या पोरींना वाचून दाखवणार आहे, तुमची परवानगी असेल तर. थायरॉइड बिघडलं तरी बाळंतपणानंतर पाळी पुढेमागे होते, तेही एका रक्ततपासणीत कळतं.

रेवाची_आई
शुक्रवारी जाऊन आले. एवढे दिवस लिहायला जमलं नाही, माफ करा.

चार दिवस पाळी होती, चारही दिवस पाजलं. रेवाला हिरवी शी वगैरे काही झालं नाही. वजन सहा किलो चारशे, डॉक्टर खूश. माझं हिमोग्लोबिन मात्र ९.६ निघालं. लोहाच्या गोळ्या मी तिसऱ्या महिन्यातच सोडल्या होत्या, सिस्टर म्हणाल्या तसंच. परत सुरू केल्या.

पाळणा लांबवायचं विचारलं. मी माला-एनच्या गोळ्या मागितल्या तर डॉक्टर सहा महिने होईपर्यंत त्या नको म्हणाल्या, दूध कमी होऊ शकतं.

सिस्टर_होटगीरोड
बरोबर सांगितलं. पाजणाऱ्या आईला छाया नावाची गोळी चालते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली आहे, तिच्यात हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. तिने पाळी लांबते हे आधीच माहीत असू द्या, नाहीतर परत घाबराल. अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, बाळंतपणाला सहा आठवडे झाल्यावर. त्यातही पाळी अनियमित होते किंवा थांबते. कॉपर-टी सहा आठवड्यांनंतर कधीही बसवता येते, सिझर झालेल्यांनाही, आणि दुधावर परिणाम नाही. तिने पाळीला रक्त थोडं जास्त जातं, आणि तुमचं हिमोग्लोबिन कमी आहे, तेव्हा डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. तुम्हाला काय झेपतं ते तुम्हीच ठरवा, घरच्यांच्या सांगण्यावरून नको.

रेवाची_आई
छाया घेतली. रविवार आणि बुधवार, कॅलेंडरवर ह्यांनीच खुणा केल्यात. दोन मुलांत निदान तीन वर्षं हवीत असं आमचं दोघांचं ठरलंय.

सासूबाईंबद्दल सांगायचं राहिलं. दवाखान्यात त्या बरोबर होत्या. डॉक्टरांनी दूध आणि पाळीचं चित्र काढून दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ त्या कागदाकडे बघत होत्या. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या वेळी मला तिसऱ्याच महिन्यात आली होती. दरमहा चार दिवस पोराला माझ्याकडे दिलं नाही. मी पलीकडच्या खोलीत बसून त्याचं रडणं ऐकायची." सात रस्त्यापासून घरापर्यंत त्या नंतर काही बोलल्या नाहीत. मी रेवाला त्यांच्या मांडीवर दिलं.

विमल_काकू
त्यांना माझा नमस्कार सांग.

नवीन_आई_बार्शीरोड
माझं बाळंतपण होऊन बावीस दिवस झाले, अजून लाल जातंय, मध्ये दोन दिवस थांबून परत सुरू झालं. ही पाळी म्हणायची का?

सिस्टर_होटगीरोड
बावीस दिवसांत पाळी नाही, हे बाळंतपणाचंच जाणं आहे. चार ते सहा आठवडे चालतं, जास्त काम केलं की परत लाल होतं. ताप आहे का? वास येतो का? दिवसाला किती पॅड भरतात ते लिहा, मी जागी आहे.